मूळचं निकेल

४ जुलै

ती. ताईस,
धाकट्याचा सा. न. वि. वि.

तुझी कंबर आणि दुकानातले मुलामा चढवायचे हौद दोन्ही धड असतील अशी आशा आहे. इकडे सगळे मजेत.

आमच्या संग्रहालयात शस्त्रांचं नवं दालन उघडतंय आणि मधलं मोठं कपाट माझ्याकडे आलंय. बाबांनी जाताना मला दिलेलं रिव्हॉल्वर मी त्यात ठेवणार आहे. शंभर वर्षांपूर्वीचं, निकेलच्या मूळच्या मुलाम्यासकट. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला बाबा ते दाखवायचे ना, निकेल कारखान्यातलं की मागाहून चढवलेलं ते ओळखा म्हणून? भलेभले बंदूकवाले बघून गेले आणि कारखान्यातलंच म्हणाले. पण आमच्या संचालकबाई पक्क्या आहेत. बाहेरच्या जाणकाराचं लेखी मत हवं म्हणतात, आणि निकेलच्या कामात आपल्या दुकानाचंच नाव घेतात.

पहारेकरी सोमवारी कागदपत्रांसकट ते घेऊन येईल. भिंगाखाली एकदा बघ आणि निकेल मूळचं आहे असं दोन ओळींत लिहून दे. तुला काय, चहा निवायच्या आत होईल.

लोभ आहेच, सहीबरोबर थोडा वाढवून पाठव.
तुझा धाकटा

१२ जुलै

चि. धाकट्यास, अ. उ. आ.

कंबर आहे तशीच आहे, चौकशी केलीस हेच नवल.

रिव्हॉल्वर पोचलं. सहा वर्षांनी हातात घेतलं, भिंगाखाली तर पहिल्यांदाच. खोटं कशाला बोलू, पोटात दुखलंच. बाबांच्या आजारपणात दोन वर्षं त्यांच्या उशापायथ्याशी मी, हौदावर मी, गिऱ्हाइकांची बोलणी खायला मी. तू शेवटच्या आठवड्यात बॅग घेऊन उगवलास. मी तासाभरासाठी माल पोचवायला गेले, परत आले तर बाबांची सगळ्यात लाडकी वस्तू तुझ्या बॅगेत. राबायला ताई आणि मिरवायला धाकटा. तेव्हा मूग गिळून बसले, आज लिहिते.

आता कामाचं. निकेल मूळचं नाही. दिव्याखाली नळी उलटी धर. खालच्या अंगाला गंजानं पडलेले बारीक खड्डे आहेत आणि त्या खड्ड्यांच्या तळाशीही निकेल चकाकतंय. मूळचं असतं तर खड्ड्यात निकेल उडालेलं दिसलं असतं. म्हणजे गंज आधी, निकेल नंतर. शिवाय घासणाऱ्यानं पॉलिशच्या चाकावर जरा जास्तच दाबलंय, नंबरातल्या आठाची पोटं बुजायला आली आहेत. कुणा नवख्याचा हात आहे. बाबांनी असलं काम दुकानाबाहेर जाऊ दिलं नसतं.

ते लोकांना गंडवत होते की स्वतःच गंडले होते, कोण जाणे. मी मूळचं म्हणून सही करणार नाही. आणि हे लिहिताना मला बरं वाटतंय, तेही कबूल करते.

रागावलास तरी जेवून घे.
ताई

१७ जुलै

ती. ताईस, सा. न.

मी निकेलबद्दल विचारलं होतं, तू जळफळाट लिहून पाठवलास. चाळीस वर्षं बाबा खोटं बोलत होते असं तुला म्हणायचंय का? भिंतीवर त्यांचा फोटो लावतेस आणि पत्रात त्यांना लबाड ठरवतेस. सहा वर्षं मनात धरलंस, आता निमित्त मिळालं, दुसरं काही नाही.

पुन्हा नीट बघ. जमत नसेल तर तसंच परत पाठव, मी दुसऱ्या कुणाकडून लिहून आणतो. आणि उगाच दस्ता वगैरे उघडत बसू नकोस. लाकूड जुनं आहे, चीर जाईल.

तुझाच, पण चिडलेला,
धाकटा

२३ जुलै

चि. धाकट्यास, आ.

चोराच्या मनात चांदणं. बंदुकीचे दस्ते मी तुला दाढी फुटायच्या आधीपासून उघडतेय, लाकूड चिरतं ते तुला कुणी सांगितलं? म्हणून लगेच उघडला.

दस्त्याच्या आतल्या लाकडावर बाबांचं पेन्सिलीतलं अक्षर आहे. जसंच्या तसं लिहिते: ‘गंजलं होतं. निकेल पुन्हा चढवलं. थोरलीनं, वय सतरा. माझ्यापेक्षा सफाईदार.’

मला आठवलं. बाबांनी ताटलीत सुटे भाग दिले होते, गिऱ्हाइकाचे आहेत म्हणाले. मी एकटीनं केलेलं ते पहिलं काम. झाल्यावर त्यांनी भिंगाखाली बघितलं, हं म्हणाले आणि जेवायला गेले. मी रात्री उशीत तोंड खुपसून रडले. आणि हा माणूस पुढे जन्मभर येणाऱ्याजाणाऱ्यासमोर ते धरत होता, ओळखा म्हणून. कुणाला ओळखता आलं नाही की खूश व्हायचा, आणि मी पलीकडे हौदाशी उभी असायचे. मी त्याच कामाला नवख्याचं म्हटलं. नवख्याचंच होतं म्हणा.

दोन दिवस हौद बंद ठेवलेत. पण एक विचारायचं आहे. दस्त्याच्या स्क्रूच्या खाचेवर ताजा ओरखडा आहे. बाबांचा हात स्क्रूवरून कधी घसरला नाही. तू उघडला होतास का?

उत्तराची वाट बघते.
ताई

१ ऑगस्ट

ती. ताई,

नमस्कार कुठल्या तोंडानं लिहू.

उघडला होता. बाबा गेले त्याच रात्री. आणि बाबांनी ते मला दिलं नव्हतं. तू माल पोचवायला गेली होतीस तेव्हा त्यांनी उशाखालून काढून माझ्या हातात ठेवलं. म्हणाले, थोरली आली की तिला दे आणि दस्ता तिच्यासमोर उघड, मला तोंडावर सांगता येत नाही. तू आलीस, बॅगेकडे बघितलंस, काही बोलली नाहीस. मीही बोललो नाही. नंतर परवाना स्वतःच्या नावावर करून घेतला.

मला मार्क चांगले पडतात म्हणून बाबांनी कधी हौदाला हात लावू दिला नाही. तुम्ही दोघं खाली एकाच भिंगातून बघायचात आणि मी वर पुस्तकं घेऊन बसायचो. माझ्याबद्दल त्यांनी कुठे एक ओळ लिहिली असेल म्हणून मी त्यांची सगळी कपाटं धुंडाळली. नाही सापडली.

तुझंच मत का मागितलं तेही सांगतो. बाईंनी आपल्या दुकानाचं नाव घेतलं तेव्हा मी घाबरलो, मग बरं वाटलं. सगळे फसले तशी तूही फसशील आणि तुझ्याच सहीनं तुझं काम कायमचं कारखान्याच्या नावावर जाईल, असं मला वाटलं. इतका मी जळत होतो.

परवाना तुझ्या नावावर करायचा फॉर्म सोबत आहे, मी सही केली आहे. बाईंनाही सगळं सांगितलं. जमलं तर क्षमा कर.
धाकटा

९ ऑगस्ट

चि. धाकट्यास,

फॉर्म मिळाला. सही करून कचेरीत दिला. संग्रहालयासाठी मत वेगळं पाठवलंय: निकेल मूळचं नाही.

बाबांना माझं काम आवडलं होतं हे सहा वर्षांपूर्वी कळलं असतं, तर ही सहा वर्षं मी तुझा द्वेष करण्यात घालवली नसती. रोज करायचे, हौदावर, जेवताना, तुझ्या मुलांना खाऊ पाठवतानासुद्धा. रिव्हॉल्वर फॉर्म भरून मिळालं. ती सहा वर्षं मागायचा फॉर्म कुठे मिळतो, तेवढं कळव.

ताई