चवीची वही

द्रौपदाबाईंस,

परवा माझ्या निरोप समारंभात तुम्ही पहिल्यांदाच माईक धरलात. "गुरुजींनी रोज माझ्या हातचं खाल्लं, म्हनून पोरं खायला लागली. न्हाईतर माझं काम कवाच सुटलं असतं," म्हणालात. टाळ्या पडल्या. मी हार सावरत मान खाली घातली. लोकांना वाटलं, गुरुजी किती साधे!

तुम्ही बौद्ध वस्तीतल्या. तुम्ही शाळेत खिचडी शिजवायला लागलात आणि अर्धी शाळा घरून डबे आणायला लागली. तेव्हा पालकांना मीच ठणकावलं होतं, "मी रोज खातो, तुमच्या पोरांना काय होतंय?"

मुलांच्या आधी चव घेऊन वहीत सही करायची, हे माझं काम. अकरा वर्षं मी ताटली ऑफिसात नेली, मागच्या खिडकीतून कावळ्यांना टाकली आणि 'चव उत्तम' लिहून सही ठोकली. रोज सकाळी पोरांकडून प्रतिज्ञाही मीच म्हणून घेत होतो. चौतीस वर्षांच्या नोकरीत दुसरं काही इतकं नेमानं केल्याचं आठवत नाही.

समारंभानंतर तुम्ही खिचडीचा डबा हातात दिलात. वारूळवाडीला घरी आलो, ओट्यावर बसून झाकण काढलं. आता वही नव्हती, पालक नव्हते. घास तोंडापर्यंत नेला, बाई, खरंच नेला. मग सगळी खिचडी म्हशीपुढे ओतली.

हे पत्र तुम्हाला देणार नाही. डबा तेवढा घासून ठेवलाय. परत द्यायला येईन तेव्हा तुम्ही विचाराल, "कशी झाली व्हती, गुरुजी?"

मी म्हणेन, "उत्तम."

तुम्ही ज्याला गुरुजी म्हणता तो,
सोपान वायकर