जनरल नावाची घोडी

रिमेल्ला, ६ जून १९५७

चि. तेरेसिओस,
ओर्सोलाताईचे अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले घोड्याच्या शेपटीचे पांढरे केस पोचले. बाबांनी त्यांची दोरी वळली, लांब काठीला बांधली, टोकाला पिसाची माशी लावली आणि ओढ्यावर गेले. ट्राउट मासा त्या माशीवर येतो, दोरी ताणली जाते आणि तुटते. रोज तेच. आता बाबा म्हणतात, हात गेला. सप्टेंबरअखेरच्या सेंट मायकेलच्या सणानंतर शेळ्या विकून, घराला कुलूप लावून तुझ्याकडे तोरिनोला येणार आहेत. तिसऱ्या मजल्यावर ते झुरून मरतील, मला फार भीती वाटते.

खरं सांग, तो घोडाच होता ना? घोडीच्या मुताने शेपटीचे केस कुजतात, हे आपल्याकडे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक आहे.

मुलांना पापा.
तुझी ताई

तोरिनो, १२ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

ज्याने केस दिले होते त्या दूधगाडीवाल्याकडे पुन्हा गेलो. त्या जनावराचं नाव जनरल. मी नावावर विसंबलो, खाली वाकून पाहिलं नाही. घोडी निघाली. गाडीवाला पोट धरधरून हसला.

सोबत दुसरे केस आहेत. या वेळी भर रस्त्यात वाकून खात्री केली, घोडाच आहे. बाबांना सांग, हात शाबूत आहे, पोरगा गाढव आहे.

गाढवावरही लोभ राहू दे.
तुझा तेरेसिओ

रिमेल्ला, २५ जून

चि. तेरेसिओस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र ऐकून बाबांनी मक्याचा पोलेंटा दुसऱ्यांदा मागून घेतला. जनरलची गोष्ट गावभर सांगितली.

काल मीही ओढ्यावर गेले. नवी दोरीही तुटली. उरलेला तुकडा मी ओढून पाहिला, मला तुटेना. मासा लागला की हात सैल सोडावा लागतो, बाबांचा आता आखडतो. मला रडू आलं. दगडावर बसून त्यांनी विचारलं, हा तरी घोडाच होता का. मी म्हटलं, तेरेसिओचं काय सांगावं. त्यांचा चेहरा असा उजळला की खरं काय ते मी सांगितलं नाही.

पुढचं पत्र बाबांच्या नावे लिही. काय लिहायचं ते तुला कळलं असेल. शिव्या पडतील, त्या खा.

तुझी ताई

तोरिनो, १ जुलै

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

बाबा, पुन्हा घोळ झाला. हीसुद्धा घोडीच निघाली. तुमच्या हाताचा काही दोष नाही.

इथे मोटारी वाढल्यात, चांगला पांढरा घोडा सहजी मिळत नाही. शोधायला वर्ष लागेल, दोन लागतील. मिळेपर्यंत शोधतो. तोवर शेळ्या विकू नका.

आपला मूर्ख,
तेरेसिओ