विरामाची दहा मिनिटं

३ मार्च
नव्या प्रयोगशाळेतला पहिला दिवस झकास गेला. आता तरी एका जागी टिका, असं बायकोने निघतानाच बजावलं होतं. कार्बनचा धागा केसाहून बारीक आणि ताकदीत पोलादाला भारी, पण अंगाने गुळगुळीत. राळेत, म्हणजे रेझिनमध्ये, बसवला की निसटतो. म्हणून आम्ही तो आम्लात बुडवून खरबरीत करतो आणि त्यावर पॉलिमरच्या साखळ्या वाढवतो. मग तो राळेला घट्ट धरतो. शेवटी दहा मिनिटं वाढ थांबवणाऱ्या द्रावणात ठेवायचा. त्याला इथे ‘विराम’ म्हणतात. हे शिकवणारे मास्तर इथले तीस वर्षांपासूनचे. चहा पितानाही उजव्या हाताचा मोजा काढत नाहीत.

७ मार्च
घोडचूक केली. छकुलीला आज सहा महिने झाले, घरी पळायची घाई. विरामासाठी कोण थांबतंय? पकड आली का बघायला मोजा काढला आणि ओला धागा चिमटीत धरला. तुकडा डाव्या तर्जनीत घुसला, दिसेनासा झाला. मास्तरांना बोललो नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

९ मार्च
बोट दुखत नाही, पण चिकटतं. कागद, कप, दाराची कडी. साबण, स्पिरिट, सगळं करून झालं. मधाच्या बरणीत हात घातलात की काय, असं बायको विचारते. मी हसलो.

१० मार्च
भिंगाखाली पाहिलं. बोटातून काळी लव निघाली आहे. कापली. तासाभरात दुप्पट. वरून विराम चोपडून उपयोग नाही, मूळ आत आहे. मला फार भीती वाटते.

११ मार्च
मास्तरांना सांगितलं. त्यांनी उजवा मोजा काढला. तर्जनी नव्हती. म्हणाले, आजच जाऊन कापून घ्या, आणि तोवर कुणाला हात लावू नका. ते ज्या कातडीला चिकटतं, तिथेही मूळ धरतं.
धीर झाला नाही. उद्या जाईन.

१२ मार्च, सकाळ
दवाखान्याची वेळ दहाची. मोजा घालून छकुलीला लांबूनच बघत होतो. ती रडली — नुसतं वाकलो —

लव मोज्यातून बाहेर आलेली. मला दिसली नाही. तिने बोट धरलं.

सुटत नाही.

बायको मास्तरांना फोन करतेय. मी उजव्या हाताने लिहितोय, डॉक्टरांना सगळं कळायला हवं. छकुली हसते आहे, तिला दुखत नाही. सुरी आणायला सांगितली. माझं एक बोट गेलं तर गेलं —

तिच्या मनगटावर काहीतरी काळं —