सात वर्षं की त्रेसष्ट

प्रिय बेरार्दोमामा,

तुमच्या गुडघ्यांना आराम असो आणि कोंचेत्तामामीचा आवाज (जो वारा अनुकूल असला की इकडे लाक्विलातही ऐकू येतो) असाच खणखणीत राहो. मी अगदी मजेत आहे. सुल्मोनात काही उलटसुलट कानावर आलं असेल, म्हणून खरी हकिकत कळवतो.

आमच्या डोंगराखालच्या प्रयोगशाळेत सगळे एकाच गोष्टीची वाट बघत बसलेत, हे तुम्हाला ठाऊक आहेच. अणूच्या गाभ्यातले दोन न्यूट्रॉन एकदम प्रोटॉन होतात, तेव्हा दोन इलेक्ट्रॉन आणि सोबत न्यूट्रिनोंची जोडी बाहेर पडते. कधीतरी ही जोडी न येता नुसते इलेक्ट्रॉनच आले, तर न्यूट्रिनो स्वतःचाच प्रतिकण आहे हे सिद्ध होईल. (मामी म्हणते, यानं पोट भरतं का? माझं भरतं, मामी.) हे दिसायला किती काळ लागेल, याचं गणित मी करतो. तेच गणित दुसऱ्या रीतीनं एर्सिलिया करते. आमचं लग्न ठरल्यापासून जेवताना हा विषय काढायचा नाही, असा नियम आहे.

परवा प्रयोगाच्या प्रमुख कोलांतोनीबाईंनी सभा बोलावली. ज्याच्या अणूंवर नजर ठेवायची ते जर्मेनियम किती घ्यायचं, हे ठरायचं होतं. त्यांनी मला विचारलं, "काही दिसेल ते कधी?" मी ठणकावून सांगितलं, "सात वर्षांत." (आवाज छान लागला होता.) टाळ्या पडणार, तेवढ्यात मागून एर्सिलिया उठली. "न्यूट्रिनोचं वस्तुमान दोघांनी सारखंच धरलंय, पण गाभ्यात हा क्षय किती सहज घडतो, तो याचा आकडा तिप्पट फुगलाय. तो आकडा खाली आणला की काळ वर्गानं वाढतो, म्हणजे नऊपट. त्रेसष्ट वर्षं!"

"तुझ्या रीतीत अर्धा गाभा हिशेबातच येत नाही," मी म्हणालो.

"आणि तुझं उत्तर एकाच न्यूट्रॉनच्या साध्या क्षयातसुद्धा मोजमापापेक्षा जास्त येतं. तिथे गुपचूप कात्री लावतोस, मग इथे का नाही लावलीस?"

आता मामा, इथे ती कात्री किती लावायची हे जगात कुणालाच नक्की ठाऊक नाही. पण असं भर सभेत बोलतात का? मी म्हणालो, "कारण मला खात्री आहे."

"तुला सगळ्याचीच खात्री असते. सप्टेंबरात मी चर्चमध्ये येणार याचीसुद्धा," असं म्हणून ती खाली बसली.

बाईंनी आम्हा दोघांना उपाहारगृहात पिटाळलं आणि बजावलं, एक उत्तर घेऊनच वर या. कॉफी गार झाली, भांडण नाही. शेवटी आम्ही लिहून दिलं: सात ते त्रेसष्ट. बाईंनी वाचलं. "माझी सासू परत कधी जाणार, ते याहून नेमकं सांगते! जाऊ दे, त्रेसष्ट धरूनच मोठं यंत्र बांधू. लवकर दिसलं तर कुणी रडणार नाही."

थोडक्यात, प्रयोग मार्गी लागला आणि विजय माझाच झाला. (उत्तरात सात आधी येतात.)

तुमचा भाचा,
ओत्ताव्हिओ

ता. क. एर्सिलिया त्याच संध्याकाळी तुमच्याकडे येऊन राहिली आहे असं कळलं. अंगठी बोटात आहे का, ते मामीला हळूच बघायला सांगा. ("हळूच" म्हणजे काय, ते आधी समजावा.)

आणखी एक. कात्रीबद्दल तिचं बरोबर असू शकेल. हे तुम्हीच तिला सांगा. माझ्या तोंडून ऐकलं तर मला ताप चढलाय असं तिला वाटेल. (तसं वाटून ती धावत येणार असेल, तर हे पत्र सरळ तिच्याच हातात द्या.)