दुसऱ्याने वाचल्याशिवाय नाही

मी, धर्मपाल किसन नगराळे, रा. वणी, जि. यवतमाळ, सर्वप्रथम हे जाहीर करतो की मी मेलेलो नाही. डोके ठिकाणावर आहे, कोणाचा दबाव नाही. 

जगभरातली माणसे मिळून एक संगणकप्रणाली बनवतात, फुकट, सर्वांसाठी खुली. तिच्यातला फाइली डिस्कवर लिहिण्याचा भाग मी सांभाळतो. माझा एकच नियम: कोडमधला कोणताही बदल दुसऱ्याने वाचल्याशिवाय आत जाणार नाही. माझा शिष्य, आर्णीचा संघदीप, यावरून सतत भांडे. "सर, तुम्ही तपासूनच राह्यले, दुनिया पुढं गेली!"

गेल्या महिन्यात मला नागपूरच्या दवाखान्यात ठेवले. फोन बंद, मुलगी दीपा माझ्याजवळ, म्हणून घराला कुलूप. तेवढ्यावरून या पठ्ठ्याने सगळ्यांना माझे निधन कळवले! वर श्रद्धांजली म्हणून माझे अर्धवट कोड कोणालाही न दाखवता आत घातले. अरे, वीज गेली की त्या कोडने फाइली पुसल्या जातात, म्हणून तर मी ते बाजूला ठेवले होते! आणि वणीत वीज जायला काय वेळ लागतो? माझी दिवंगत पत्नी तुळसाबाई हिने गायलेली भीमगीते दीपाच्या संगणकावर होती, आणि त्यावर हीच प्रणाली चालते. सगळी गेली. दीपा माझ्याआधी घरी परतली होती; मी आलो तेव्हा पोर पडद्यासमोर नुसती बसली होती. मी सुन्न झालो, अजून आहे.

सबब, माझ्या पश्चात व्यवस्था अशी.

घर व घरातले सर्व दीपाचे. जुना कीबोर्ड शेजारच्या पुंडलिकरावांना. त्यावर त्यांचा डोळा आहे, मला ठाऊक आहे.

~~कोडला अंतिम मंजुरी देण्याचा माझा अधिकार संघदीपला मिळणार होता, तो रद्द. त्याचे नावही कोड सांभाळणाऱ्यांच्या यादीतून काढावे.~~

वरील कलम लिहून मी तडक सही करणार, तोच दीपाने पेन हिसकावला. "बाबा, आत्ताच लिहिलं अन् आत्ताच सही? दुसऱ्या कोणी वाचलं काय? ज्याच्यावर लिहिलं त्यालेच वाचू द्या."

तिनेच संघदीपला बोलावले, कशासाठी ते न सांगता. मला दारात बघून त्याने आधी माझा हात धरून पाहिला. मग कागद वाचला. म्हणाला, "बरोबर हाये सर. एक शब्द बदलू नका. तुम्ही हाये, मले बस झालं." आणि ढसाढसा रडला.

म्हणून ते कलम खोडून लिहितो: अधिकार दीपाला. तीही हेच काम करते. मात्र संघदीपने वाचल्याशिवाय तिने कोणताही बदल आत घेऊ नये. त्याच्या नावावर मी काहीही ठेवत नाही, कारण ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये म्हणतात, आणि साक्षीदार मला तोच हवा. न पाहता त्याने मला मारले. आता पाहून सही करावी.

वणी, दि. १४ ऑक्टोबर २०२५
(सही) धर्मपाल किसन नगराळे

साक्षीदार
१. सत्यभामा मून, वणी (सही)
२. संघदीप भगत, आर्णी (सही). सर जिवंत आहेत. स्वतः पाहिले. हात धरून पाहिले.