गाडी भरून मोजायची

१० फेब्रुवारी २०२५, सोमवार

नाव काढायला लावलं. आमच्या गॅरेजात चाकांच्या अलाइनमेंटच्या रिपोर्टखाली 'तपासणी : नीलम' असं आपोआप छापून येतं. म्हटलं, अण्णा, ह्या गाडीवर माझं नाव नको.

गाडी निपाणीच्या साईराजची. पांढरी, काळ्या काचांची, चारही बाजूंनी खाली बसवलेली. बंपरखालून मांजरसुद्धा जाणार नाही. तक्रार एवढीच की पुढचे टायर आतल्या कडेनं झिजतात. मशीनवर घेतली, जुळवली, सगळे आकडे हिरवे आले. गॅरेजचे मालक केशवअण्णा, त्यांच्या मते काम संपलं. माझ्या मते ते आता सुरू झालं.

उभ्या, रिकाम्या गाडीचे आकडे उभ्या, रिकाम्या गाडीलाच लागू. स्प्रिंग आखूड केली की चाकाला खालून धरणारा आर्म एका कोनात जातो आणि चाक वळवणारा टाय रॉड दुसऱ्याच. मग खड्ड्यात चाक वर उचललं की दोघं त्याला दोन वाटांनी ओढतात आणि चाक पुढून बाहेर वळतं — स्टिअरिंग कुणी हलवलेलं नसताना! सरळ, गुळगुळीत रस्त्यावर हे लपून राहतं. वळणात, भरल्या गाडीत, ब्रेक दाबताना बाहेर येतं.

"स्क्रीन हिरवी हाय का न्हाय?" अण्णा.

"आहे."

"मग झालं की."

एकदा खड्ड्यातून फिरवून बघा म्हटलं. अण्णा चावी घेऊन तिसऱ्या रेल्वे गेटापर्यंत जाऊन आले. "कायबी वढत न्हाय."

रस्त्यावरची चाचणी नेहमी तेच घेतात. मला दोन वर्षांत एकदाही घेऊ दिली नाही. मशीन माझं, रस्ता त्यांचा. का, तर "गिऱ्हाइकाची गाडी पोरीच्या हातात दिली म्हंतील."

माझं नाव निघालं. तिथे त्यांनी स्वतःचं घातलं.

११ फेब्रुवारी, मंगळवार

नवे टायर गुरुवारी येणार, तोवर गाडी आमच्याकडेच. साईराजचा फोन होता. रविवारी त्याच्या बहिणीचा, ऋतिकाचा, साखरपुडा. बेळगुंदीला. घरची पाच माणसं ह्याच गाडीतून येणार. म्हणजे निपाणी सोडली की लगेच तवंदी घाट.

अण्णांना पुन्हा सांगितलं. चहा आत्ताच उतरला होता. माझ्या पेल्याला मी रुमाल गुंडाळला होता, ते मात्र स्टीलचा पेला उघड्या पंजात धरून शांतपणे ऐकत होते. ऐकून म्हणाले, "कालिजात शिकल्यालं समदं रस्त्यावर चालत न्हाय, नीलम." म्हटलं, चाललं नाही तर मी कॉलेजचं नाव सोडेन. पण आधी बघा तरी.

घरी आईचं वेगळंच. "त्यांचं गॅरेज, त्यांचं नाव. तू कशाला आडवी जातीस?" जाते. बस.

१२ फेब्रुवारी, बुधवार

पुढची स्प्रिंग काढली, चाक जॅकवर वर-खाली केलं, प्रत्येक उंचीला मोजलं. मला वाटलं होतं त्याहून वाईट. अण्णांना बोलावलं. आले, वाकले, उठले. "स्प्रिंग काढून गाडी कोण चालवतंय?"

त्यांची एक चप्पल गाडीखालीच राहिली. ते एका पायात चप्पल घालून ऑफिसात जाऊन बसले. इतका राग!

रात्री जेवताना सुचलं. बरोबर आहे त्यांचं, स्प्रिंग काढून कुणी चालवत नाही. पण आपल्याकडे रिकामी तरी कोण चालवतं?

१३ फेब्रुवारी, गुरुवार

स्प्रिंग परत बसवून गाडी मशीनवर घेतली, तोवर साईराज आला. बरोबर चार मित्र, मला हवे तेवढेच.

"काय मॅडम, गाडी दावणीला बांधली व्हय आमची?"

नागेंद्र म्हणून एक आहे त्यांच्यात, दोघांचं वजन एकटा बाळगणारा. तो म्हणाला, "खाली बसल्याली गाडी लई दाबून पळती. मॅडमना भ्या वाटतंय, त्यो भाग येगळा."

मी म्हटलं, बसा.

"कुठं?"

"गाडीत. मशीनवर आहे तशीच. पाचही जण."

हसत एकेक करून बसायला लागले. स्क्रीन त्यांच्या तोंडासमोर वळवून ठेवली. साईराज बसला, हिरवं. शेजारी एक बसला, हिरव्याच्या काठावर. मागे दोघं, एक चाक लाल. नागेंद्र चढला आणि दोन्ही लाल.

"ए, ह्याला उतरवा रं, समदं ह्याच्यामुळं हाय!"

उतरवलं. एक चाक हिरवं झालं. पुन्हा चढवलं, लाल. दोनदा करून बघितलं त्यांनी. मग नागेंद्रच म्हणाला, "आरं, मी काय बटन हाय व्हय?"

मी म्हटलं, आता सगळ्यांनी एकदम दाबा, खड्डा आल्यासारखं. दाबलं. आकडे असे पळाले की साईराजचा हात आपोआप स्टिअरिंगवर गेला.

"ही रविवारची गाडी," मी म्हटलं. "तुमच्या मित्रांच्या जागी आई आणि ऋतिका धरा."

 त्यानं हळू आवाजात, मित्रांना ऐकू जाणार नाही असं, विचारलं, "वर उचलाय लागंल काय?"

नाही. आहे त्याच उंचीवर दुरुस्त होते. टाय रॉडचं बाहेरचं टोक वरून बसवलेलं आहे, ते खालून बसवायचं. मग तो पुन्हा आर्मला समांतर येतो आणि दोघं एका वाटेनं चालतात. हे ऐकून त्याचा चेहराच बदलला. सगळे त्याला गाडी वर घे म्हणून सांगत आले असणार. मी सांगणार नाही. खाली बसलेली गाडी मला दिसायला आवडते. हे फक्त इथे लिहिते आहे.

अण्णा ऑफिसच्या दारातून सगळं बघत होते. 

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

संताप. लिहिल्याशिवाय झोप येणार नाही.

टाय रॉड खालून बसवायला भोकात बुश, म्हणजे आत घट्ट बसणाऱ्या धातूच्या नळ्या, लागतात. उद्यमबागेतल्या लेथवाल्याकडून करून आणले. डावं काम दुपारपर्यंत झालं. उजवा बुश सैल निघाला, म्हणून त्या बाजूचा टाय रॉड होता तसाच आवळला आणि बुश बदलायला गेले. परत येते तो गाडी जाग्यावर नाही!

अण्णा फेरी मारून आले होते. चावी टेबलावर ठेवत म्हणाले, "आता फस्क्लास. एकदम सरळ चालतीया."

एक बाजू नवी, एक जुनी. पुन्हा मोजलेलं नाही. सरळ धरली तर स्टिअरिंग तिरकं राहतं, आणि दर खड्ड्याला हाताला हिसका बसायला हवा. विचारलं, कुठल्या बाजूला ओढली? म्हणाले, "दोन्हीकडं सारखीच."

खोटं. तोंडावर खोटं. दोन वर्षं ह्याच तोंडून "वढत न्हाय" ऐकलं आणि त्या शब्दावर गाड्या सोडल्या. मी नवा बुश घेऊन गाडीखाली शिरले. बोलले असते तर थांबले नसते.

१५ फेब्रुवारी, शनिवार

उजवी बाजू झाली. पाचही जणांना पुन्हा बसवलं. दाबायला लावलं. आकडे हलले, पण हिरव्यातच राहिले. नागेंद्रनं दोनदा उतरून-चढून खात्री केली.

मग टेबलावरची चावी उचलली. विचारलं नाही. साईराजला बाजूला सरकवून बसले, एकाला उतरवलं, मागे तिघं कोंबलेले, आणि मुद्दाम मच्छे रस्त्याच्या खराब बाजूनं घेतली. खड्डा. खड्डा. स्पीडब्रेकरला खालून घासली, त्याला इलाज नाही. पण हातात स्टिअरिंग गप्प होतं. अगदी गप्प.

"मॅडम, घाटात तुमीच चला की," साईराज.

परत आले तेव्हा अण्णा गेटात उभे. मला वाटलं, आता जाते माझी नोकरी. जाऊ दे. ते फक्त माझ्या हातांकडे बघत होते.

१६ फेब्रुवारी, रविवार

साईराजचा फोन : "पोचलाव बेळगुंदीत. मधी नागेंद्रबी कोंबला हुता."

संध्याकाळी अण्णा घरी आले, कंग्राळीला पहिल्यांदाच. दारात आईनं विचारलं, "दुसरी चप्पल कुठं हाय, अण्णा?" त्यांनी खाली बघितलं तेव्हा त्यांना कळलं.

साखरेचा आजार. दीड वर्ष झालं, पायाला कळत नाही, बोटांना कळत नाही. "स्टिअरिंग काय सांगतंय त्येच कळंना झालंय गं. म्हणून स्क्रीन धरून बसलो. कुणाला सांगू नगो."

म्हटलं, नाही सांगणार. पण दीड वर्षात आपण सोडलेली प्रत्येक खाली बसवलेली गाडी परत बोलवायची, भरून मोजायची, आणि रस्त्यावर मी न्यायची. मान हलवली त्यांनी.

निघताना त्यांच्या स्कूटरची चावी मीच उचलली; त्यांनी मागितली. दिली नाही. मागे बसवून घरी सोडून आले.