एकावन्नावा सेकंद

बडोदे,
१२ जानेवारी २०२५

ती. नंदाआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तीन वेळा फोन आपटला म्हणून तू माझ्याशी फोनवर बोलणं बंद केलंस आणि पत्र लिहिलं तरच उत्तर देईन, असं आईकडून कळवलंस. घे, लिहिलं. पोस्टातल्या बाईंनी पाकीट देताना मला दोनदा वरपासून खालपर्यंत पाहिलं.

बातमी अशी की मुंबईच्या एका कंपनीला माझी बाराही गाणी हवी आहेत. तिथल्या मनाली म्हणून बाई आहेत, त्यांनी स्वतः शोधून काढलं मला. फक्त एक अट घातली. म्हणाल्या, प्रत्येक गाण्याच्या मागे कोणाचा तरी श्वास ऐकू येतो, तेवढा साफ करून द्या. मी नाही म्हटलं. त्यांनी का विचारलं, तर मी जरा जास्तच बोललो. फोन आपटला हे तुला सांगायला नकोच.

बाबांना कळलं. तिसऱ्या वर्षी इंजिनिअरिंग सोडलंस, आता आपणहून उघडलेलं दारही लावून टाक, असं म्हणून ते बाजव्याला ड्युटीवर निघून गेले. त्यांना वाटतं मी घरी बसून गातो. 'मधली खोली' हे माझं काम आहे, आत्या. आपल्याच घराची मधली खोली, भिंतींना गाद्या लावलेली. रिफायनरीच्या कॉलनीतली बारशी, शाळांची गीतं, नवरात्रात गरब्याची धून, जे येईल ते करतो आणि त्यातून स्वतःची गाणी काढतो. नऊशे लोक ती थेट माझ्याकडून मागवून ऐकतात. मध्ये कोणी दलाल नाही. मग कोणा मुंबईवाल्याचं का ऐकू?

एकच तक्रार आहे आणि ती आईला सांगता येत नाही. दुपारी चारच्या सुमाराला मी कामाला बसलो की दिवाणावर कोणीतरी बसल्यासारखं वाटतं. हेडफोन काढून ठेवले तरी श्वास चालूच राहतो. मागे वळून पाहत नाही. पाहिलं तर थांबेल, असं वाटतं.

तुझा राग असेल तेवढा असू दे, माया कमी करू नकोस.

तुझा
धैर्यशील


सांगली,
२३ जानेवारी २०२५

चि. धैर्यशील यास,
अनेक आशीर्वाद.

अक्षर भयंकर, पण पत्र मिळालं. कागद आपटता येत नाही, हा त्याचा मोठा गुण आहे.

तुझी बाराही गाणी मी रेडिओतल्या माझ्या जुन्या हेडफोनवर ऐकली. तीस वर्षं मी तिथे लोकांचे आवाज कापले आणि जोडले, त्यामुळे कौतुक सावकाश करते. पाचवं गाणं फार चांगलं आहे. आठव्यात तू उगाच रडतोस. दहाव्याची चाल तुझ्या आजोबांना आवडली असती. ते संस्थानच्या बँडात होते, त्यांना चाल सरळ चाललेली आवडायची.

आता खरं विचारते. त्या बाई बरोबर सांगतात. तू जिथे जिथे गायचा थांबतोस, तिथे कोणीतरी बसलेलं आहे. बाराही गाण्यांत तोच माणूस, त्याच जागी, तोच श्वास. मला तो श्वास आवडला नाही. जड आहे, चिडलेल्या माणसाचा असतो तसा. पाचव्या गाण्यात तर मी हेडफोन काढून मागे पाहिलं, आणि मी घाबरट बाई नाही हे तुला ठाऊक आहे.

कोण आहे ते? मला खरं लिही. वहिनीला मी काही सांगणार नाही.

जेवत जा वेळेवर. सेव-उसळ म्हणजे जेवण नव्हे.

तुझी
नंदाआत्या


बडोदे,
४ फेब्रुवारी २०२५

ती. नंदाआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

पाच पत्रं फाडली. हे सहावं, हे मात्र टाकतो.

ती उत्कर्षा आहे. पादरा गावची. आमच्याच युनिव्हर्सिटीत कॉमर्सला होती. कॅन्टीनमध्ये मला गाताना ऐकून तिने सांगितलं होतं, तू गा, बाकीचं मी बघते. 'मधली खोली' हे नाव तिचं. पहिलं बारशाचं काम तिने आणलं, लोकांना थेट गाणी पाठवायची ही कल्पनाही तिची. मी कॉलेज संगीतासाठी सोडलं असं सगळ्यांना सांगतो. खरं तर दिवसभर तिच्याबरोबर काम करता यावं म्हणून सोडलं. तिला हे मी कधी सांगितलं नाही. तिला कळलं असेल. तिला सगळं आधी कळायचं.

तू त्याच धंद्यातली, तरी नीट सांगतो. गाणं घ्यायच्या आधी मी खोलीची शांतता एक मिनिट रेकॉर्ड करून ठेवतो. कोणी बोलायचं नाही, हलायचं नाही. दोन ओळींमधल्या फटी मग त्या शांततेने भरतो, नाहीतर गाणं तिथे मेल्यासारखं वाटतं. तेवीसच्या ऑगस्टमध्ये एका दुपारी ती उशिरा, चारला आली. मी आधीच तापलेलो होतो. ती दिवाणावर बसली, मी माइकपाशी. मिनिट सुरू केलं. एकावन्नाव्या सेकंदाला तिने बोट मोडलं. टक.

नऊ सेकंद राहिले होते, आत्या. मी रेकॉर्डिंग बंद केलं आणि ओरडलो. तुला एक मिनिट गप्प बसता येत नसेल तर इथे येऊच नकोस, असं म्हणालो. तिने हेल्मेट उचललं आणि गेली. पादरा रोडवर संध्याकाळी तिची स्कूटर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर आदळली. ती वाचली नाही.

तिचा आवाज माझ्याकडे नाही. दोन वर्षं ती माझ्या प्रत्येक गाण्याच्या वेळी खोलीत होती आणि प्रत्येक वेळी मी तिला गप्प बसवलं. जुन्या शांतता काम झालं की पुसून टाकायचो, उरलं ते एवढंच एक मिनिट. ती टक मी काढून टाकली, बाकीचं ठेवलं, आणि तेव्हापासून दुसरी शांतता रेकॉर्डच केली नाही. प्रत्येक गाण्याखाली तीच अंथरतो. ती श्वास घेत असते. मी तर श्वास रोखून धरला होता, मला पक्कं आठवतं. मुंबईवाल्यांना हेच साफ करून हवंय.

अजून एक आहे. मागच्या महिन्यात तिची आई, वसुंधराकाकू आल्या होत्या. खंडेराव मार्केटात भाजीला आले होते, म्हणून डोकावले म्हणाल्या. पिशवीत भाजी नव्हती. तिचा फोन त्या दिवशी चुरा झाला. घरात एकच व्हिडिओ आहे, गरब्याचा. त्यात डीजेच्या आवाजात तिचे नुसते ओठ हलतात. तुझ्याकडे तिचा काही आवाज असेल ना रे, तिथेच तर असायची, असं त्यांनी विचारलं. मी नाही म्हणालो. हे माझं एकट्याचं आहे, असं वाटलं. त्या चालशे, चालेल, असं म्हणाल्या आणि चहा न घेता गेल्या.

आता मला ओरड. पत्रात का होईना.

तुझा
धैर्यशील


सांगली,
१३ फेब्रुवारी २०२५

चि. धैर्यशील यास,
अनेक आशीर्वाद.

ओरडणार नाही. स्वतःवर तू पुरेसं ओरडून घेतलं आहेस.

रेडिओत आम्ही टेप ब्लेडने कापायचो. खोकला, खाकरणं, कागदाची सळसळ, सगळं जमिनीवर पडायचं. एका वयस्कर गायकांची मुलाखत मी अशीच चकाचक करून दिली. ते गेल्यावर त्यांची बायको आली आणि म्हणाली, यात हे कुठेच नाहीत, हे बोलताना मध्येच घसा साफ करायचे. तोपर्यंत तुकडे झाडूने केरात गेले होते. ती बाई मला अजून दिसते. जिन्यात उभी असते.

तुझ्या काळात बरं असतं, मूळ रेकॉर्डिंग राहतं म्हणे. ते असेल तर घेऊन पादऱ्याला जा. साफ केलेलं नको, मूळ. खोटं बोललो होतो असं दारातच सांग, आत जाऊन चहा प्यायल्यावर नको. त्या बोलतील ते ऐकून घे. आईचा हक्क तुझ्या आधीचा आहे.

मुंबईचं नंतर बघू. ज्या कामाला ती मुलगी लागली होती, ते तू अजून काम म्हणून करतोस की तिच्या नावाने नुसती जागरणं करतोस, हे आधी ठरव. मला आणखी एक शंका आहे, पण ती मी लिहीत नाही. त्या ऐकतील तेव्हा कळेल.

पोचल्यावर लिही. वाट पाहते, हे लक्षात ठेव.

तुझी
नंदाआत्या


बडोदे,
२ मार्च २०२५

ती. नंदाआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

जाऊन आलो.

दारातच सांगितलं. काकू बाजूला झाल्या. दिवाळीपासून तशीच राहिलेली तोरणाची दोरी दाराला लोंबत होती. मी लॅपटॉप उघडला, हेडफोन त्यांच्या कानांवर ठेवले आणि मूळ मिनिट लावलं. सकाळचे अकरा वाजले होते, बाहेर कोणी तरी कापसाची गाडी मागे घेत होतं.

पंधरा-वीस सेकंदांनी त्यांनी मान हलवली. ही ती नाही, म्हणाल्या. मी म्हटलं, काकू, तीच, दुसरं कोण असणार. तर म्हणाल्या, लहानपणी ती झोपली की मी तिच्या नाकाखाली बोट धरून बघायचे, जिवंत आहे ना म्हणून, इतका हलका श्वास घ्यायची. हा पुरुषाचा श्वास आहे, आणि रागातला आहे. मी सांगितलं की मी तर श्वास रोखून धरला होता. त्यावर त्या माझ्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, अरे, मिनिटभर कोण धरतं?

आत्या, तुझी शंका हीच होती ना? दीड वर्ष मी माझ्याच श्वासापाशी बसलो होतो. दुपारी चारला दिवाणावर जो बसायचा, तो मीच. त्या दिवशीचा मी, तिच्यावर ओरडायच्या आधीचा. त्यालाच मी बारा गाण्यांखाली अंथरलं आणि नऊशे लोकांना ऐकवलं.

मी बंद करायला हात पुढे केला, तर काकूंनी माझं मनगट धरलं. मिनिट चालूच होतं. टक झाली. त्या एकदम ताठ झाल्या. पुन्हा लाव म्हणाल्या. पुन्हा लावलं. सात वेळा लावलं. हीच ती, म्हणाल्या, डावा अंगठा. काही बोलायचं असलं आणि बोलवत नसलं की अंगठा मोडायची. दहावीचा निकाल सांगताना मोडला होता.

म्हणजे मी तिला काढून टाकलं होतं आणि स्वतःला ठेवलं होतं.

तिला काय बोलायचं होतं ते मला आता कधीच कळणार नाही, असं मी म्हणालो. काकूंच्या मांडीवर टक वाजली. त्यांचाही डावा अंगठा. या वेळी मी काही बोललो नाही. थांबलो. बरंच थांबलो. मग काय म्हणायचंय, असं विचारलं.

त्यांनी सांगितलं की त्या दिवशी वाटेत पेट्रोल भरताना तिचा फोन आला होता. गांडो, वेडा कुठला, आज पण चिडला, मला हाकलून दिलं, असं हसत म्हणाली. उद्या परत जाणारच आहे, डबा दोघांचा दे. एवढंच. काकूंनी हे दीड वर्ष मला सांगितलं नाही. तुला बरं वाटू नये, असं मला वाटायचं, म्हणाल्या. बरं वाटलं नाही, आत्या. दुसऱ्या दिवशीचा तो डबा मला रोज दिसतो, झाकण लावलेला.

मूळ मिनिट त्यांच्या फोनमध्ये घालून दिलं. त्या सगळं ऐकत नाहीत, पन्नासाव्या सेकंदापासून पुढे ऐकतात. तेवढं लावायला शिकल्या.

मनालीताईंना फोन केला, आपटला नाही. माफी मागितली. श्वास काढला आहे, हे सांगितलं. पण एक आवाज राहील, तो निघणार नाही, हेही सांगितलं. त्या म्हणाल्या, एवढा उघड आवाज वरचे लोक ठेवू देणार नाहीत. मी म्हटलं, ठीक आहे. खरंच ठीक होतं. गाणी मीच काढतो, 'मधली खोली'च्या नावाने, आणि कव्हरवर दोघांची नावं, तिचं आणि माझं. बाबांनी ते कव्हर पाहिलं, इथे यायची त्या मुलीचं नाव कशाला असं विचारलं. त्यांना सगळं सांगितलं. ते त्या दिवशी उशिरा कामावर गेले.

नवी शांतता घेतली. माइक लावून मी खोलीबाहेर उभा राहिलो, दार ओढून. आत कोणी नव्हतं. निदान मी तरी नव्हतो.

माझ्यावर लोभ ठेव. उत्कर्षाला तू पाहिलं नाहीस, थोडा तिच्यावरही ठेव.

तुझा
धैर्यशील

ता. क. – नवीन पाचवं गाणं सोबत पेनड्राइव्हवर पाठवतो. माझी शेवटची ओळ संपल्यावर बंद करू नकोस. नंतर एक मिनिट काही नाही. एकावन्नाव्या सेकंदाला ऐकू येईल. मग नऊ सेकंद थांब, ते मी तेव्हा थांबलो नव्हतो.